रस्त्याच्या अल्याड साठ झाडं, पल्याड शून्य?

मंडळी, थोडं लांब लिहितोय, पण आपल्या सावंतवाडीकरांच्या रोजच्या रस्त्याचाच विषय आहे. शेवटपर्यंत वाचा.

साठ वर्षांचा एक वड धरा. तो नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर त्याला 1975 चा नागरी क्षेत्राचा झाडांचा कायदा लागू. तोडायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी, पेपरात जाहिरात हवी, झाडावर नोटीस चिकटवायला हवी. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे साठ. वर सात वर्षं ती जगवायची.

आता हाच वड हद्दीच्या दगडापलीकडे, शेजारच्या ग्रामपंचायतीत सरकवा. तिथे 1964 चा वृक्षतोड अधिनियम. त्यात ठरावीक जातींची यादी आहे: आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, हिरडा वगैरे. वड त्या यादीत नाही. पिंपळही नाही. वटपौर्णिमेला ज्याला सूत गुंडाळतो, तो कायद्याच्या यादीतच नाही! यादीतला आंबा तोडायला परवानगी लागते, पण वयाइतकी झाडं लावायचा हिशोब त्या कायद्यात नाही.

अजून थोडं पुढे जा. दोडामार्गाकडे उच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशामुळे वृक्षतोडीवर बंदी. बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की गोव्याचा 1984 चा कायदा, तो शहर-गाव असा भेद करत नाही. पण त्याचीही गंमत बघा. 2016 मध्ये तिथे दुरुस्ती करून माडाला 'झाड' या व्याख्येतूनच काढलं होतं. लोक चिडले, बोलले, आणि पुढे माड परत झाड झाला. लोक बोलले की फरक पडतो, एवढं त्यातून घ्या.

हे सगळं आपल्या एका तासाच्या प्रवासात. मुळं, सावली, पाखरं तीच. हद्द बदलली की झाडाची किंमत बदलते. शहरं पसरतायत ती नेमकी या हद्दीवरच. प्लॉटिंग, रस्ते, गोदामं सगळी शेजारच्या गावांत. म्हणजे तोड जिथे जास्त होणार, नियम तिथेच सैल.

आणि जिथे नियम कडक, तिथेही आकडा म्हणजे झाड नव्हे. एका ठिकाणची 'बदली' झाडं मी मे महिन्यात बघायला गेलो होतो. काठ्या उभ्या होत्या, रोपं नव्हती. गावाचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही दिसेल.

म्हणून विनंती. झाडावर नोटीस दिसली तर फोटो काढून पुढे पाठवण्यावर थांबू नका, मुदतीत लेखी हरकत द्या. तीनच प्रश्न विचारा: बदली झाडं कुठे लावणार? कुठल्या जातीची? सात वर्षं पाणी कोण घालणार?

आणि गावातल्या मित्रांनो, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वड, पिंपळ आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक झाडाची नोंद करायचा ठराव मांडा. कायदा बदलायला मुंबईला जावं लागतं, पण झाडं मोजायला आपल्या वाडीतूनच सुरुवात करता येते.

तुमच्या वाडीत असं जुनं झाड कुठलं? खाली लिहा. यादी इथूनच सुरू करू.