परीक्षक

आमच्या शेजारच्या नानांना चित्रपट पाहता येत नाही. ते त्याचे ‘परीक्षण’ करतात. नायिका रडू लागली की हे प्रकाशयोजनेवर बोलू लागतात. त्यांची नक्कल करून घरच्यांना हसवणे हा माझा आवडता उद्योग.

परवा आमच्याकडे सारे मिळून अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पाहायला बसलो. १९५३ सालचा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा. संपताच मी डोळे मिचकावून विचारले, “काय नाना, छायाचित्रण कसे?”

नाना रुमालाने डोळे टिपत होते. म्हणाले, “अरे, आज आईच दिसली, बाकीचे पाहायचे राहूनच गेले.”

घरातले कुणी हसले नाही. मला मात्र चित्रपटातले काही आठवेना. सारा वेळ मी नानांचेच परीक्षण करीत बसलो होतो!