ऑस्ट्रेलियाची तयारी : नाशिकहून निघण्याआधीचे दिवस
प्रवासाची दैनंदिनी, लेखांक १

निघायला १८० दिवस

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र तीन कोटींच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रातच सव्वाअकरा कोटी माणसे होती. शाळेच्या नकाशात बोटभर दिसणारे सिडनी ते पर्थ हे अंतर हवाई मार्गाने सुमारे ३,३०० किलोमीटर भरते आणि त्यात पाच तास जातात. सिडनीहून मेलबर्नला मोटारीने जायचे तर जवळपास ९०० किलोमीटर. म्हणून पहिल्या दिवशीचे खरे काम काय पाहायचे हे नसून काय सोडायचे हे ठरवण्याचे असते. दोन-अडीच आठवड्यांच्या सुट्टीत सिडनी, मेलबर्न आणि तिसरे एखादेच ठिकाण नीट पाहून होते. त्यात पर्थही बसवले की सुट्टी विमानतळांवरच संपते.

तिसरे ठिकाण ऋतू ठरवतो. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात. आपल्या मे महिन्यात मेलबर्नला शरद ऋतू संपत आलेला असतो आणि स्वेटर लागतो. देशाच्या मध्यभागी उलुरूच्या परिसरात त्याच महिन्यात दिवस सुखद आणि रात्री थंड असतात, तर उत्तरेकडे केर्न्सला पावसाळा सरलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत सिडनीत वसंत असतो आणि जॅकरांडाची झाडे जांभळी होतात. पण नोव्हेंबरपासून उत्तरेच्या समुद्रात विषारी जेलीफिश येऊ लागतात आणि किनाऱ्यावर पोहणे जाळी लावलेल्या पट्ट्यापुरते उरते. ग्रेट बॅरिअर रीफसाठी निघालेल्या कुटुंबाला मे महिनाच अधिक सोयीचा.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना आणखी एक हिशेब करावा लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत रोजचे लक्ष लागते. एखाद्या अवकाळी सरीने घड कुजतात, म्हणून दिवाळीत बाग सोडून जाणे त्यांना परवडत नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकून, बागेची जबाबदारी घरातल्या जाणत्या माणसावर सोपवून मे अखेरीस निघणे त्यातल्या त्यात जमते.

१५० दिवस

पासपोर्टचा दिवस. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यायची आणि मूळ कागदपत्रे घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात जायचे. नाशिककरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. त्यानंतर पोलीस पडताळणी होते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, मुलांचा पाच वर्षे किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत. त्यामुळे जुन्या पासपोर्टांपैकी मुलांचे आधी तपासावेत. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत उरलेली असावी.

हातात येणारी पुस्तिका नाशिकचीच असते. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून टपाल तिकिटे छापली जात आहेत आणि भारतीय पासपोर्टच्या पुस्तिकाही तिथेच तयार होतात. चिप बसवलेले नवे ई-पासपोर्टही याच छापखान्याचे. देशाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक भारतीयाच्या खिशात या गावच्या कामगारांचे काम असते, ही नाशिकने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

११० दिवस

पर्यटकांसाठीच्या व्हिसाचा क्रमांक ६००. अर्ज ऑनलाइन भरला जातो, बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी मात्र नेमून दिलेल्या केंद्रावर जावे लागते. पासपोर्टवर शिक्का किंवा चिकटपट्टी येत नाही, मंजुरीचे पत्र ईमेलने येते.

अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते : प्रवाशाला खर्च झेपेल, आणि सुट्टी संपली की तो घरी परतेल. नोकरदाराचे काम पगारपत्रक, रजेचे मंजुरीपत्र, प्राप्तिकर विवरण आणि बँकेचे खातेउतारे यांवर भागते. शेतकऱ्याची भिस्त सातबारा, आठ-अ आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्यांवर असते आणि हे कागद मराठीत असतात. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, त्यावर भाषांतरकाराचे नाव, पत्ता, फोन आणि पात्रतेचा तपशील हवा. सातबारा म्हणजे काय, ‘पोटखराबा’ म्हणजे काय हे परक्या अधिकाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यामुळे जमीन कोणाच्या नावे, किती आणि तिच्यातून वर्षाला काय मिळते, हे सांगणारे एक पानी पत्र सोबत द्यावे. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन हा परत येण्याचा भक्कम पुरावा आहे, फक्त तो समोरच्याला वाचता आला पाहिजे.

पंचाहत्तरी गाठलेल्या आजी-आजोबांना वैद्यकीय तपासणी सांगितली जाते, त्यासाठी वेगळा वेळ धरावा. आणि व्हिसा मंजूर होईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये.

६० दिवस

विमान, मुक्काम, मोटार. मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जाताना सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. तसे असले की सामान सहसा थेट शेवटच्या विमानतळावर पोचते, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय विमान कंपनी करते.

ऑस्ट्रेलियात वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. मेलबर्नजवळच्या टॉर्कीपासून सुरू होणारा ग्रेट ओशन रोड २४३ किलोमीटरचा आहे. तो स्वतः मोटार चालवत, हवे तिथे थांबत पाहावा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो आणि वर्षभर चालतो. मूळ परवानाही जवळ ठेवावा. शहराबाहेर संध्याकाळनंतर गाडी चालवू नये, कारण कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात.

उलुरू ठरले असेल तर एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवावी. हा ३४८ मीटर उंचीचा खडक तिथल्या अनंगू लोकांसाठी पवित्र आहे आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढायला बंदी आहे. तो पायथ्याभोवती चालून पाहायचा असतो. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घातलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१५ दिवस

परकीय चलनाचे कार्ड, विमा, औषधे. औषधे तीन महिन्यांपुरतीच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात न्यावीत. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण प्लगच्या चपट्या पिना तिरक्या असतात, तेव्हा अ‍ॅडॉप्टर घ्यावा.

३ दिवस

बॅग भरताना खरी अडचण खाऊची. ऑस्ट्रेलिया आपली शेती आणि जनावरे बाहेरच्या रोगांपासून जपतो, आणि लाळ्या-खुरकुताची धास्ती असल्याने आपल्याकडचे दुधाचे पदार्थ आत येऊ देत नाही. पेढे, बर्फी, खवा घरीच ठेवावा. ताजी द्राक्षे, कढीपत्ता, पेरायची बियाणेही नकोत. चिवडा, चकली, मसाले न्यायचे असतील तर कारखान्यात बंद केलेली, इंग्रजी लेबल असलेली पाकिटे घ्यावीत आणि सगळी एकाच पिशवीत वर ठेवावीत. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर द्यावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

निघण्याचा दिवस

विमानतळावर तीन तास आधी पोचायचे. नाशिकहून मुंबई घाटातून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, त्यात भिवंडी-ठाण्याची कोंडी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमणेच्या पुढे कोंडी गाठतेच. रात्री अकराचे विमान असेल तर दुपारी दोनला घर सोडावे. घड्याळाचे गणितही निघण्याआधी समजून घ्यावे. मे महिन्यात सिडनी आपल्या साडेचार तास पुढे असते, ॲडलेड चार आणि पर्थ अडीच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून सिडनीचे घड्याळ आणखी एक तास पुढे जाते, त्याच किनाऱ्यावरच्या केर्न्सचे मात्र जात नाही. दिवाळीत केर्न्सहून सिडनीला परतताना पुढचे विमान गाठायचे असेल, तर हा तास हिशेबात धरावा.