बेत कागदावर, गलबत पाण्यावर

तुर्कस्तानच्या नकाशाचा नैर्ऋत्य कोपरा जरा डोळे बारीक करून पाहावा. तिथला किनारा सरळ असा नाहीच. उंदराने सवडीने कुरतडलेल्या पापडाची कड असावी तसा तो दिसतो. जमिनीची लांब लांब बोटे समुद्रात शिरली आहेत, आणि त्या बोटांच्या बेचक्यांतून समुद्र जमिनीत शिरला आहे. कोण कोणाच्या घरात घुसले हे सांगणे कठीण! यांतल्याच एका बोटावर बोद्रुम नावाचे, पांढऱ्याशुभ्र घरांचे गाव आहे.

गाव जुने. इतिहासाचा आद्यपुरुष हिरोडोटस इथला. तेव्हा गावाचे नाव होते हॅलिकार्नासस. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, म्हणजे राजा मौसोलसची भव्य समाधी, इथेच होती. आज तिथे एक मोठा खळगा आणि थोडे विखुरलेले दगड दिसतात. बाकीचे दगड गेले कुठे, म्हणून विचाराल, तर समोरच्या किल्ल्यात! भूकंपांनी पडलेल्या समाधीचे चिरे सेंट जॉनच्या सरदारांनी आपल्या तटबंदीला वापरले. आणि त्या किल्ल्यात आता समुद्रतळाशी सापडलेल्या जुन्या जहाजांचे वस्तुसंग्रहालय आहे. तेव्हा एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला लावायची, ही या गावाची फार जुनी चाल.

आजचे बोद्रुम पाहुण्यांवर जगते, आणि त्यातला एक मोठा धंदा आहे नौका भाड्याने देण्याचा. या नौकांना ‘गुलेत’ म्हणतात. लाकडी, रुंद, बहुधा दोन डोलकाठ्यांच्या. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाला अख्खी बस ठरवतात, तशी इथे अख्खी नौका ठरवायची. तिच्याबरोबर कप्तान येतो, आचारी येतो, एक-दोन खलाशी येतात. शनिवारी चढायचे आणि पुढच्या शनिवारी उतरायचे. मधला आठवडा समुद्रावर.

ऐकायला सोपे वाटते. परंतु या धंद्यात एक भागीदार असा आहे, की जो करारावर सही करीत नाही आणि कोणाचे ऐकतही नाही. तो म्हणजे वारा.

एजियन समुद्रावर उन्हाळाभर वायव्येकडून एक कोरडा वारा वाहतो. तुर्की माणसे त्याला ‘मेल्तेम’ म्हणतात. जुलै-ऑगस्टात त्याचा जोर विशेष. समुद्र खवळणार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळे ढग येतात. इथे तसे काही नाही. आकाश निळेभोर, ऊन लख्ख, आणि त्याच्याखाली समुद्र पिसाळलेला! सकाळी पाणी ताटातल्या दुधासारखे निश्चल असते. दुपारी वारा उठतो, तिसऱ्या प्रहरी अंगात आल्यासारखा घुमतो आणि रात्री बहुधा शांत होतो. बहुधा म्हणायचे, कारण कधी कधी तो चार-चार दिवस रात्रीही झोपत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दहा जण अशा एका गुलेतवर होतो. पुण्याहून गेलेले आम्ही सहा, आणि जर्मनीत स्थायिक झालेले माझी बहीण, मेहुणे व त्यांची दोन मुले. मेहुणे इंजिनीयर. तीस वर्षे जर्मनीत काढल्यामुळे आगगाडी दोन मिनिटे उशिरा आली तरी त्यांना ती व्यक्तिगत मानहानी वाटते. त्यांनी सात दिवसांचा तक्ता टंकलिखित करून आणला होता. ‘मंगळवार, सकाळी ९ : क्निदोस. दुपारी १ : भोजन.’ असा.

क्निदोस हे दात्चाच्या द्वीपकल्पाच्या अगदी टोकावरचे प्राचीन नगर. त्याला दोन बंदरे, आणि प्राक्सितेलीसने घडवलेली अफ्रोदितेची जगप्रसिद्ध मूर्ती एके काळी तिथे होती. मेहुण्यांनी या सहलीचा घाट घातला तोच मुळी क्निदोससाठी.

सोमवारी संध्याकाळी कप्तानाने तो तक्ता शांतपणे वाचला. साठीच्या घरातला, उन्हाने रापलेला गृहस्थ. कोस बेटाच्या डोंगरावर टोपीसारखा बसलेला पांढरा ढग त्याने आम्हांला दाखवला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, “बेत फार सुंदर आहे. वाऱ्याला दाखवला होता का?”

“म्हणजे?” मेहुण्यांनी विचारले.

“उद्या तिकडे जायला तीनएक तास लागतील. वारा मागच्या अंगाने ढकलील, तुम्हांला मजा वाटेल. पण परत येताना तोच वारा तोंडावर. तिकडे उघडा समुद्र आहे, रात्रीही निवत नाही. तीन दिवस अडकलो तर शनिवारी बोद्रुमच्या धक्क्यावर नवी माणसं सामान घेऊन उभी असतील. त्यांना मी काय सांगू?”

“पण आम्ही पैसे भरलेत ते क्निदोससाठी!”

“पैसे आठवड्याचे भरलेत, साहेब. वाऱ्याचे नाहीत.”

मेहुण्यांचा आवाज चढला. परत गेल्यावर या नौकेविषयी काय वाटते ते चारचौघांना कळेल असे लिहीन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. धमकी साधी नव्हती. पाहुणा काय लिहितो यावर कप्तानाच्या पुढच्या उन्हाळ्याचे आरक्षण अवलंबून. नौका त्याच्या आणि भावाच्या मालकीची. हंगाम मे ते ऑक्टोबर, आणि त्या सहा महिन्यांत बारा महिन्यांची कमाई करायची. हिवाळ्यात नौका पाण्याबाहेर ओढून फळ्यांच्या फटी बुजवायच्या, व्हार्निश करायचे, इंजिन उघडायचे. लाकडी नौका म्हणजे दुभती म्हैस. दूध आटले तरी वैरण चुकत नाही.

कप्तान क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “लिहा. लिहायला सुखरूप घरी पोचाल, एवढं मी बघतो.”

माणूस तेवढ्यावर थांबला असता, तर मी त्याला नुसता हटवादी म्हटले असते. पण नकार देऊन झाल्यावर त्याने आतून नकाशा आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. क्निदोसऐवजी गोकोवाच्या आखातात गेलो तर काय काय मिळेल, याचे तीन वेगवेगळे मार्ग त्याने बोटाने दाखवले. मुलांना पोहायचे असेल तर हा, जुने अवशेष पाहायचे असतील तर तो, नुसते निवांत पडायचे असेल तर तिसरा. शिवाय, “क्निदोस दोन हजार वर्षं कुठं पळालं नाही. शनिवारी इथं उतरलात की दात्चाच्या बाजूला मोठी फेरीबोट जाते, पुढं मोटारीचा रस्ता आहे. गाडीवाला मी सांगून ठेवतो.”

मला या धंद्याचे मर्म तिथे दिसले. ‘नाही’ हा शब्द कोणीही उच्चारील. त्या ‘नाही’च्या पाठोपाठ तीन ‘होय’ टेबलावर मांडणे, यात कसब आहे. मार्ग बदलेल, वेळ बदलेल, मुक्काम बदलेल. पण समुद्राविषयीचा निर्णय बदलणार नाही. वाकायचे कुठे हे ज्याला कळते, त्यालाच न वाकण्याची एक जागा राखता येते.

क्निदोसचा वारा काही आजचा नव्हे. बायबलात सेंट पॉलला कैदी म्हणून रोमला नेणाऱ्या जहाजाची हकीकत आहे. ते जहाज कष्टाने क्निदोसच्या समोर आले. वाऱ्याने पुढे जाऊ दिले नाही, म्हणून क्रीटच्या आडोशाला वळले. तिथेच थांबा, असे पॉल सांगत होता. पण ते बंदर हिवाळ्याला सोयीचे नव्हते, म्हणून नाखवा आणि जहाजाचा मालक पुढे जायला निघाले, आणि अधिकाऱ्याने त्यांचेच ऐकले. जहाज अखेर माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले. माणसे वाचली, जहाज आणि माल गेला. ही गोष्ट मी मेहुण्यांना सांगितली. ते म्हणाले, “त्या लोकांकडे हवामानखातं नव्हतं.” आमच्या कप्तानाकडे होते, तेही तेच सांगत होते!

तर आम्ही पूर्वेला वळलो. पहाटे शांत पाण्यात पुढचे अंतर कापायचे, आणि वारा उठायच्या आत एखाद्या कोपऱ्यात शिरायचे, असा क्रम बसला. चोकर्तमे झाले, मग दक्षिण किनाऱ्यावरची ‘येदी आदालार’, म्हणजे सात बेटे. तिथे पाइनचे जंगल थेट पाण्यापर्यंत उतरले आहे. पुढे नांगर टाकायचा आणि मागचा दोर काठावरच्या झाडाला किंवा खडकाला बांधायचा. म्हशीला दावणीला बांधतात तशी नौका रात्रभर उभी! पलीकडे सेदिर बेटावर क्लिओपात्रासाठी इजिप्तहून आणली अशी आख्यायिका असलेली वाळू पाहिली. गोल गोल, बाजरीच्या दाण्यासारखी. तिचा एक कणही नेता येत नाही. अंग धुऊनच बाहेर सोडतात.

स्वयंपाकघरातही हाच न्याय. आमच्यात चार शाकाहारी, आणि आत्यांची एकादशी! आचाऱ्याने पहिल्या दिवशी मासळी आणून ठेवली होती. ती त्याने बर्फात सरकवली आणि ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या शेंगा, वांगी, भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या सुरू केल्या. काकडी-दह्याचे ‘जाजिक’ पाहून आत्या म्हणाल्या, “अगं, ही तर आपली कोशिंबीर!” एकादशीला त्याने उकडलेले बटाटे, दही आणि कलिंगड मांडले. हा कुठला धर्म, असे त्याने विचारले नाही. मीठ चालेल का, एवढेच विचारले.

हा गुण या लोकांत आला कोठून? मूळ धंदाच त्यांना तसा शिकवीत आला आहे. गुलेतच्या आधी इथे ‘तिरहांदिल’ जातीच्या नौका होत्या, दोन्ही टोके निमुळती असलेल्या. त्यांतून बोद्रुमचे लोक समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला जात. जीवघेणे काम! १९२५ साली जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लेखापायी बोद्रुमला हद्दपार करण्यात आले. शिक्षा म्हणून पाठवलेला हा माणूस गावाच्या प्रेमातच पडला. शिक्षा संपल्यावर पुन्हा येऊन राहिला आणि ‘हॅलिकार्नाससचा कोळी’ या नावाने लिहू लागला. १९४० नंतरच्या दशकात तो आपल्या लेखक-मित्रांना स्पंजवाल्यांच्या नौकांतून या आखातात फिरवू लागला. ना खोल्या, ना गाद्या, डेकवर झोपायचे. त्या भटकंतीला ‘मावी योल्जुलुक’, म्हणजे निळा प्रवास, हे नाव पडले. त्या मंडळींतल्या आझ्रा एर्हात या विदुषीचे त्याच नावाचे पुस्तक १९६२ साली निघाले, आणि पाहुणे येऊ लागले.

इकडे कारखान्यातला कृत्रिम स्पंज बाजारात आला. पुढे १९८६ पासून भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला. पिढीजात धंदा बुडाला. पण नौका बुडाल्या नाहीत. सुतारांनी पिछाडी रुंद आणि गोल केली, खाली खोल्या काढल्या, वर बसायला ऐसपैस जागा केली. स्पंज ठेवायच्या जागी माणसे झोपू लागली. आमच्या कप्तानाचे वडील स्पंजाच्या नौकेवर होते. “ते तळाशी जाऊन भाकरी आणत,” तो म्हणाला, “मी वरच्यावर फिरून आणतो.”

पण वाकण्यालाही एक हद्द असते. पाहुण्यांना शिडाची धास्ती वाटते, म्हणून कित्येक गुलेतांनी शिडे गुंडाळून ठेवली ती ठेवलीच; नुसत्या इंजिनावर चालणारी तरंगती हॉटेले झाली. ती विद्या विसरू नये म्हणून १९८९ पासून ‘बोद्रुम कप’ ही लाकडी नौकांची शर्यत सुरू झाली. हंगाम सरताना, ऑक्टोबरात, या नौका शिडे उभारून निघतात. वाकता वाकता कणाच काढून टाकला, तर त्याला लवचिकपणा म्हणत नाहीत.

२०२० साली साथीमुळे जगाचे दरवाजे लागले, तेव्हा कप्तानाच्या वहीतले आठवडेच्या आठवडे रिकामे झाले. त्याने आगाऊ रकमा दडपल्या नाहीत. ज्यांना हवे त्यांना पुढच्या वर्षीचा आठवडा दिला. शनिवारचा नियमही त्याने त्याच वर्षी सोडला. चार दिवसांची सहल चालेल, बुधवारी निघालो तरी चालेल. “रिकामी नौकासुद्धा खर्च करतेच,” तो म्हणाला.

आणि २०२१ च्या जुलैअखेरीला या मुलखात वणवे पेटले. बोद्रुम आणि मिलासच्या बाजूला डोंगर धडधडू लागले, आणि काही खाड्यांमधल्या माणसांना समुद्राखेरीज वाट उरली नाही. तटरक्षक दलाच्या नौकांबरोबर खासगी नौकाही त्यांना काढायला धावल्या. आमचा कप्तान त्यांत होता. त्याच्या नौकेवर त्या वेळी पैसे भरलेले पाहुणे होते.

“त्यांना विचारलंत?” मी म्हटले.

“नाही. सांगितलं.”

पाहुण्यांनी आपल्या खोल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना दिल्या, आचाऱ्याने होते नव्हते ते सगळे शिजवले, आणि दोन दिवस नौकेचा मार्ग कोणत्याच तक्त्यात नव्हता. त्या आठवड्याचे पैसे कप्तानाने परत देऊ केले. कोणी घेतले नाहीत.

आमच्या शनिवारी मेहुण्यांना धक्क्यावर गाडीवाल्याचा कागद मिळाला. ते फेरीबोटीने क्निदोसला जाऊन आले. तिथल्या उंचवट्यावर, म्हणे, टोपी धरूनही राहत नव्हती, आणि खाली बंदरात चार नौका वाऱ्यासाठी खोळंबून नुसत्या डुलत होत्या. नौकेविषयी लिहायचे म्हटले होते, तेही त्यांनी लिहिले. जर्मन भाषेत, मुद्देसूद आणि क्रमवार. त्यातला पहिलाच मुद्दा असा होता, की ज्यांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोचायचे असेल त्यांनी आगगाडीने जावे. आणि ज्यांना परत यायचे असेल त्यांनी या कप्तानाबरोबर.