टीव्हीची फिरती बैठक

पस्तीस वर्षें शब्दरूपें घोकून घेतलेल्या मनुष्यानें टीव्हीच्या बैठकीवर लिहावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या घरांत एका छपराखालीं तेरा माणसें नांदतात, तेथें पडद्याचें तोंड कोणीकडे असावें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

गेल्या वर्षीं धाकट्या बंधूंनीं ५५ इंची टीव्ही आणिला. तो भिंतीवर टांगावा असें तरुण मंडळींचें मत पडलें. आमचें घर जुनें, भिंत मातीची. तींतला खिळा दिनदर्शिकाहि कुरकुरतच पेलतो, मग पंधरासोळा किलोंचें ओझें कसें पेलणार? शिवाय भिंतीवरचा पडदा दिवाणखान्याकडेच पाहणार. मातोश्री नव्वदीच्या, माजघरांतील पलंग त्यांच्यानें सोडवत नाहीं. दारांतून पडदा त्यांना तिरपा दिसे, आणि तिरपें पाहिलें कीं रंग फिके पडत. पंढरपूरची आषाढीची महापूजा त्यांना नीट दिसावयाची नसेल, तर तो टीव्ही घेऊन काय करावयाचें? म्हणून मेजावर ठेवावयाची फिरती बैठक घेण्याचें ठरलें.

बैठक निवडतांना लोक केवळ इंच पाहतात. वास्तविक ती किती वजन पेलते, आणि टीव्हीच्या पाठीवरील चार भोकांमधील अंतर तिच्याशीं जुळतें कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें. हें अंतर मिलिमीटरांत सांगतात. आमचें ३०० बाय २०० होतें. स्क्रू माहितीपुस्तकांत दिलेल्या लांबीचेच घ्यावे. अधिक लांब स्क्रू आंतील भागांस इजा करतो.

मेजाची जागा मात्र मीं भूमितीनें ठरविली. ५५ इंच हा कर्ण. १६:९ या प्रमाणानें रुंदी सुमारें १२२ सेंटिमीटर येते. मध्यावर फिरणारा टीव्ही ३० अंशांत वळविला कीं त्याची एक कड अर्ध्या रुंदीच्या निम्मी, म्हणजे सुमारें साडेतीस सेंटिमीटर मागें जाते. तितकी जागा मागें नसल्यास बैठक फिरती असूनहि टीव्ही भिंतीस अडतो. हें दुकानदारानें सांगितलें नव्हतें. ताराहि सैल सोडाव्या, नाहींतर वळवितांना त्या ओढल्या जातात. कांचेवर बोटें दाबूं नयेत. दोन्ही कडा धरून हळू फिरवावें. दुपारीं खिडकीचें ऊन पडद्यावर चमकतें, तेंहि थोडें वळविल्यानें टळतें. (खिडकीला पडदा लावणें स्वस्त पडलें असतें, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें आहे, व तें खरेंहि आहे.)

खरी काळजी नातवाची. दीड वर्षाचें पोर मेज धरून उभें राहतें, आणि रुंद पायाची बैठकहि पुढें ओढली तर कलंडते. म्हणून टीव्हीच्या पाठीपासून जड सागवानी मेजाच्या मागील चौकटीस पट्टा बांधिला; टीव्ही दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहिला व मगच पट्ट्याची लांबी कायम केली. मेजावर खेळणें अगर रिमोट ठेवावयाचा नाहीं, असाहि निर्बंध घातला. तो मोठी माणसेंच अधिक मोडतात.

यंदा आषाढीस पहाटे पडदा माजघराकडे वळविला. मातोश्रींनीं पलंगावरूनच हात जोडले. त्यांना ऐकूं येत नाहीं. आवाज आम्हीं बंदच ठेविला, त्यामुळें निजलेलीं मुलें उठलीं नाहींत.