करमाळ्याची शीव आणि कल्व्हर सिटीचे दालन

लॉस एंजलिस या अफाट शहराच्या पश्चिमेस कल्व्हर सिटी नावाचे एक लहानसे स्वतंत्र नगर असून, तेथील वॉशिंग्टन बुलेव्हार्डवरून चालू लागले की एका अंगाने बराच वेळ एक उंच भिंत सोबत करीत राहते. ती भिंत सोनी कंपनीच्या चित्रपटनिर्मितीच्या आवाराची होय. एकेकाळी मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य संस्थेचे सारे वैभव या आवारात नांदत होते. आपल्याकडील वृत्तपत्रे या स्थळाचा उल्लेख सरसकट ‘हॉलिवूड’ असा करतात आणि व्यवहारापुरता तो चालवूनही घ्यावा. परंतु हॉलिवूड नावाची वस्ती येथून उत्तरेकडे काही मैलांवर आहे, आणि ज्या दालनाविषयी मला आज लिहावयाचे आहे ते या भिंतीच्या आत, कल्व्हर सिटीत आहे. वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी राखलेल्या या दालनास २०१४ पासून गायिका व अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड हिचे नाव आहे. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चे संगीत येथे मुद्रित झाले, १९५९ च्या ‘बेन-हर’चे येथेच झाले, १९८२ च्या ‘ई.टी.’चेही येथेच, आणि २०१६ च्या एप्रिलअखेर प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’ या मराठी चित्रपटाच्या गाण्यांसाठी साठाहून अधिक वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद बसला तोही याच छताखाली.

माझे गाव नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आता शासनाच्या दप्तरी अहिल्यानगर जिल्ह्याच्या, दक्षिण टोकास कर्जत तालुक्यात आहे. आमच्या तालुक्याची शीव ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका लागतो. पण ही शीव महसूल खात्याच्या नकाशापुरतीच खरी आहे, कारण दोन्हीकडची ज्वारी एक, अवर्षण एक, बोली एक, आणि सोयरिकी तर पिढ्यान् पिढ्या जिल्ह्याची हद्द न विचारता होत आलेल्या. भीमेवर उजनीचे धरण झाले तेव्हा त्याच्या पाणफुगवट्याने कर्जत, करमाळा, इंदापूर आणि दौंड या चारही तालुक्यांचे काठ भिजविले, आणि जेथे पूर्वी बैलगाडीची वाट होती तेथे होड्या चालू लागल्या. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, संज्ञापनाचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. तेव्हा या चित्रपटातील पाणी, ऊस, विहिरी आणि धुळीचे रस्ते हे माझ्या दृष्टीने चित्रीकरणाचे देखावे नव्हेत. ते माझे नित्याचे शेजार आहेत, आणि त्या शेजाराचे संगीत माझ्या सध्याच्या बिऱ्हाडाच्या इतक्या जवळ येऊन वाजून गेले, ही घटना मी एक योगायोग म्हणून सोडून देऊ शकत नाही.

साहसपटांचे वाद्यसंगीत म्हणून जगाच्या कानांत जे बसले आहे, ते मूळचे या शहराचे नाही, हे येथे राहून मला हळूहळू उमगले. ‘किंग काँग’चे संगीत देणारा माक्स स्टायनर व्हिएन्नाचा, ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’चा एरिख वोल्फगांग कॉर्नगोल्ड हाही व्हिएन्नात वाढलेला, आणि १९३८ साली तो येथे या चित्रपटाच्या कामात असतानाच हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळे ज्याला परतीची वाट उरली नाही असा ज्यू. ‘बेन-हर’चा मिक्लोश रोझा बुडापेस्टहून लंडनमार्गे आला, आणि तोही ‘द थीफ ऑफ बगदाद’ या साहसपटाचे अर्धवट काम हाती घेऊन. युद्धामुळे ती निर्मिती लंडनहून इकडे हलली होती आणि तिचा बालनायक साबू हा म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा होता. ज्या भव्य, तुतारीच्या आरोळीने घोडा उधळतो आणि व्हायोलिनांच्या लाटेवर नायक तटावरून उडी घेतो, ते संगीत घर सुटलेल्या माणसांनी रचले आहे. मला त्यात साहसाइतकीच घरची ओढ ऐकू येते, आणि मी स्वतः घरापासून दूर आहे म्हणून हा भास होतो असे कोणी म्हटले तरी मी ते मत बदलणार नाही.

अशा परंपरेच्या दालनात ‘सैराट’चे संगीतकार अजय आणि अतुल गोगावले हे बंधू आले. त्यांचे वडील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यामुळे बदल्यांच्या हुकमाबरोबर घर हलायचे, आणि जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशा तालुक्याच्या गावांतून ही मुले वाढली. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. देवळातील भजन, जागरण-गोंधळ, तमाशाचा फड, लग्नाचा बँड आणि पुढे इळैयाराजांच्या रचनांचा ध्यास, एवढ्यावर त्यांनी जे साधले त्याला ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि आपली चाल यांचा मेळ हाही काही नवा प्रपंच नव्हे. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या होत्या, आणि हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळातील वाद्ययोजनेचा भार बव्हंशी गोमंतकीय वादकांनीच वाहिला. गोगावले बंधूंची नवलाई अशी की, त्यांनी हा सारा सरंजाम एका मराठी चित्रपटासाठी, आणि त्यातही ज्याच्या नायक-नायिकेने पूर्वी कधी मोठ्या पडद्यावर काम केलेले नाही अशा चित्रपटासाठी मागितला.

ध्वनिमुद्रिकेवर गाणी चारच आहेत. पहिले ‘याड लागलं’. आरंभी तंतुवाद्यांचा समुदाय घाईने न चढता असा उलगडत जातो की एखाद्या विस्तीर्ण प्रदेशाचे दर्शन व्हावे. आणि त्या विस्तारात अजय यांचा आवाज येतो तो मात्र मुळीच घोटलेला नाही. तो खुला आहे, शेताच्या बांधावरून हाक मारणाऱ्याचा आहे. हा विरोध मला या गाण्याचा प्राण वाटतो. पडद्यावर परश्या नावाचा एक मासेमाराचा मुलगा पाण्यात झेप घेतो, काठाला लागतो, धावत सुटतो, आणि अंतऱ्यांच्या मधल्या जागांत पितळी वाद्ये जागी होऊन त्या धावण्याला जो गौरव देतात तो रॉबिन हूडच्या घोडदौडीला मिळत असे. ग्रामीण महाराष्ट्राच्या अंगावर हा विलायती पोशाख विशोभित दिसतो, असा आक्षेप मी येथील आणि तिकडील अनेक रसिकांच्या तोंडून ऐकला आहे. तो मला मान्य नाही. ज्या मुलाने पाटलाच्या मुलीकडे, आर्चीकडे, मान वर करून पाहणे हेच धाडस आहे, त्याच्या धाडसाला तोलाचे संगीत हवे. ते जर सनईच्या दोन फुंकरींत आणि तुणतुण्याच्या टणत्कारात उरकले असते, तर आपण त्याला पुन्हा एकदा ‘गावाकडचा’ म्हणून एका कोपऱ्यात बसविले असते. गोगावले बंधूंनी त्याला साहसकथेचा नायक मानले, आणि संगीताच्या भाषेत याहून मोठा मान नाही.

दुसरे गाणे ‘आताच बया का बावरलं’, श्रेया घोषाल यांच्या आवाजातले. येथे वाद्यवृंद पावले मोजून टाकतो. मुलीच्या मनातील चलबिचल तंतुवाद्यांच्या हलक्या हालचालींतून दिसते आणि ध्रुवपदाकडे येताना चाल पुन्हा गावच्या वळणावर येते. ते गोड आहे, निर्दोष आहे. तथापि मुद्रिकेतील चारांत मी त्याला तिसरे स्थान देतो, कारण बुलेट चालविणारी, ट्रॅक्टर घेऊन थेट परश्याच्या दाराशी येणारी आर्ची जितकी निर्भय आहे तितके निर्भय हे गाणे नाही. तिच्यासाठी पितळी वाद्यांची एक आरोळी राखून ठेवावयास हवी होती, असे मला प्रत्येक वेळी ऐकताना वाटते.

‘सैराट झालं जी’ हे अजय आणि चिन्मयी श्रीपदा यांचे द्वंद्वगीत मात्र मी पुनःपुन्हा ऐकतो. त्यात घाई नाही. दोघांचे स्वर आळीपाळीने येतात, आणि त्यांच्यामधील अवकाश व्हायोलिने भरून काढतात. चेलोंचा मंद्र ध्वनी खालून इतका स्थिरपणे वाहतो की वरच्या सुखाला एक खोली प्राप्त होते, जणू पुढे काय वाढून ठेवले आहे ते वाद्यांना ठाऊक आहे आणि गाणाऱ्यांना नाही. असा परिणाम साधावयाचा तर तंतुवाद्यांचा संच खरोखर मोठा असावा लागतो. यंत्रावर दहा व्हायोलिनांची शंभर करता येतात, पण चाळीस-पंचेचाळीस माणसांनी एकाच श्वासात गज ओढताना त्या ध्वनीत जी सूक्ष्म असमानता राहते ती यंत्राला साधत नाही, आणि तीच कानाला सजीव लागते. या शहरातील वादक बहुधा पुढ्यातील स्वरलिपी प्रथमच पाहत असतात. एका कानात तालाची नियमित टिकटिक, डोळे कागदावर, आणि पहिल्या-दुसऱ्या खेपेतच निर्दोष वादन. त्यांना करमाळा ठाऊक नव्हता, आर्ची ठाऊक नव्हती. तरीही त्यांच्या गजांतून जे उतरले ते करमाळ्याचेच राहिले, याचे श्रेय मी कागदावर स्वर मांडणाऱ्यांना देतो.

‘झिंगाट’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते दोघा भावांनी मिळून गायिले आहे, ठेका वरातीचा आहे, आणि लॉस एंजलिस परिसरातील मराठी मंडळींच्या कोणत्याही मेळाव्यात तो वाजला की येथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी मुले सर्वांआधी उठतात. त्याने आपले काम चोख केले आहे.

चारही गाणी चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्यात येऊन जातात. पुढे परश्या आणि आर्ची गाव सोडून पळतात, हैदराबादच्या झोपडवस्तीत संसार मांडतात. आणि जेथून साहसपटाचा खरा आरंभ व्हावा, म्हणजे पलायन, परमुलूख, पोटाची भ्रांत, तेथून तो विस्तीर्ण वाद्यवृंद जवळजवळ मागे घेतला जातो. अखेरच्या प्रसंगात तर ध्वनीच काढून घेतला आहे. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी मी तो येथे उघड करणार नाही. याच दालनात मुद्रित झालेल्या ‘बेन-हर’ची मला या ठिकाणी आठवण होते. त्या चित्रपटातील रथांची शर्यत जगप्रसिद्ध आहे. शर्यतीपूर्वी रथ रिंगणात मिरवत येतात तेव्हा रोझाचा वाद्यवृंद पूर्ण तेजाने गर्जतो, परंतु प्रत्यक्ष शर्यतीला संगीत नाही, केवळ टापा, चाके आणि जमावाचा कोलाहल आहे. जीव पणास लागला की वाद्ये खाली ठेवावीत, हा विवेक १९५९ साली होता आणि तो २०१६ साली एका मराठी दिग्दर्शकाने त्याहूनही कठोरपणे पाळला. पहिल्या अर्ध्यातील वैभव ज्यांना अतिरेकी वाटते त्यांनी ते या दुसऱ्या अर्ध्याशेजारी ठेवून तोलावे. एवढे भरभरून दिल्याशिवाय ते काढून घेण्याला अर्थ आला नसता.

मागे गावी गेलो असता आमच्याकडील एका लग्नात, परण्याची, म्हणजे नवरदेवाची, मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली तेव्हा, बँडवाल्यांनी ‘याड लागलं’ धरले. व्हायोलिनांची ओळ क्लॅरिनेटवर आली होती, हॉर्नांची जागा युफोनियमने घेतली होती, आणि अंतऱ्यांमधला तो लांबलचक वाद्यखंड, जो सहज गाळता आला असता, त्यांनी जसाच्या तसा ठेवला होता. मिरवणूक थांबल्यावर मी बँडमास्तरांना गाठले. “मास्तर, मधला तुकडा गाळत का नाही?” असे विचारता ते म्हणाले, “तो वाजल्याबिगर गाणं वळखूच येत नाय, दादा.” चाल त्यांनी मोबाइलवर ऐकून बसविली होती, त्यांच्या वहीत एकही स्वर लिहिलेला नव्हता, फक्त गाण्यांची नावे आणि सुपारीच्या तारखा. मी राहतो तेथून जवळच हे मूळचे वाजले, असे सांगितल्यावर त्यांनी वादकांची संख्या विचारली, आणि मग, तिकडे ट्रम्पेटवाल्याला कोठे बसवितात असे विचारले. सर्वांच्या मागे, पण थोडे उंचावर, असे मी सांगितले. त्यावर रस्त्यातला ट्रम्पेटवाला पुढे का चालतो याचे कारण त्यांनी मला समजावून दिले: दालनात आवाज भिंतीला लागून परत येतो, उघड्या रस्त्यावर तो पुढच्या पुढे निघून जातो, म्हणून पुढच्याने दर कडव्याला मान मागे वळवून चाल उचलून द्यावी लागते, नाहीतर मागचा ढोल वेगळ्याच गाण्यात शिरतो.