बारावीनंतरचा लॅपटॉप : दुकानात काय विचाराल?



बारावीचा निकाल लागला की आपल्या पिपरी मेघेत घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. आमच्या शाळेतून गेलेली मुलं मलाही विचारायला येतात.

लिखाणाच्या कामाला ८ जीबी रॅम अन् एसएसडी पुरते. खरी गोम वॉरंटीत आहे. बहुतेक लॅपटॉपला १ वर्षाची असते. पण 'ऑनसाइट' असेल तर माणूस घरी येतो, 'कॅरी-इन' असेल तर आपणच सर्व्हिस सेंटरला न्यायचा. ते सेंटर वर्ध्यात की नागपुरात, हे पैसे देण्याआधी विचारा. नागपूर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर पडतं, वर एक दिवसाची मजुरी बुडते. पाणी सांडलं, लॅपटॉप पडला, तर साधी वॉरंटी कामाची नाही.

'ऑफिस टाकून देतो' असं दुकानदार म्हणाला, तर ते कायमचं की महिनाभराचं, अन् अस्सल की चोरीचं, तेही विचारा. नाहीतर लिब्रेऑफिस मोफत आहे. त्यातल्या रायटरमध्ये प्रकल्प, अर्ज सगळं लिहिता येतं, वर्डच्या फाइलीही उघडतात. मराठी मात्र युनिकोडमध्येच टाइप करू द्या. कृतिदेवमध्ये लिहिलेलं, समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की, इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो!

बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या अन् त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.