नाव सांगतो, गाव नाही

अंगठ्याएवढा देह, पाठीला प्लॅस्टिकची चौकट, चौकटीवर नंबर. गाठीचा तुकडा पॅराफिन मेणात बसवला की हा जन्माला येतो. दवाखान्यात याला ‘ब्लॉक’ म्हणतात. धाराशिवकडचा पेशंट मुंबईला परळच्या टाटात पोचला की विचारणा होते, “स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का?” म्हणून लातूर एक्स्प्रेसच्या बर्थवर नातेवाइकाच्या उशाशी हाही असतो.

गडी अबोल, पण टिकाऊ. तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या अनेकदा काढल्या तरी उरतो, आणि वर्षांनंतरही साक्षीला उभा राहतो.

पोटात मेंदूतली काळी गाठ असली की मात्र तो सतावतो. एमआरआयला संशय आलेला असतो. टी-1 चित्रात मेलॅनिन हे रंगद्रव्य पांढरं उजळतं. पण जुनं साकळलेलं रक्तही तसंच उजळतं. मेलॅनिन मुळात तपकिरी, आणि एचएमबी-45, एस-100 या गाठ ओळखायच्या चाचण्यांतला रंगही बहुधा तपकिरीच. मग पॅथॉलॉजिस्ट आधी मेलॅनिनचा रंग उडवतात, नाहीतर चाचणीसाठी लाल रंग घेतात. तेव्हा कुठे हा नाव सांगतो: मेलानोमा, रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर.

गाव सांगत नाही. मेंदूतला मेलानोमा बहुतेकदा बाहेरून आलेला असतो. मेंदूच्या आवरणातही रंगद्रव्याच्या पेशी असतात. पण तिथेच सुरू झालेला मेलानोमा सगळ्या मेलानोमांत शंभरात एखादाच. म्हणून डॉक्टर याला बाजूला ठेवून पेशंटकडे वळतात. तळपाय, नखं, डोळे, तोंड, गुदद्वार, मग पेट स्कॅन. आपल्याकडे हा आजार तळपायावर बरेचदा निघतो, आणि भेगाळ टाचेवरचा काळा डाग घरात कुणी बघत नाही.

कुठेच काही सापडलं नाही, की पुन्हा याच्याकडे. जीएनएक्यू किंवा जीएनए-11 या जनुकांत बदल दिसला आणि डोळा स्वच्छ असला, तर धागा मेंदूच्या आवरणाकडे जातो. त्वचेच्या मेलानोमात बरेचदा दिसणारा बीआरएएफमधला बदल इथे सहसा नसतो. त्यावरच्या गोळ्या मग उपयोगाच्या नाहीत. राहतं ऑपरेशन, रेडिएशन आणि निवोलुमॅबसारखी महागडी इम्युनोथेरपी.

बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून धाराशिवकडच्या परंडा-भूमचेही रुग्ण नोंदवते. अशा नोंदणीत गाठ सापडली कुठे यापेक्षा सुरू झाली कुठे, हे धरतात. ती जागा लिहायला याची एकट्याची साक्ष पुरत नाही. पेशंटचे दोन्ही तळपाय कुणीतरी उजेडात नीट पाहिलेले असावे लागतात.